माझ्या आईला आत्या म्हणणारी

तिनं माझी पहिली चूक काढली ती एका जाळ्यावरून.

मला जर्मनीत, डार्मश्टाटला येऊन दीड वर्ष झालं होतं. नवरा गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. मी पुण्यात मराठीत एम.ए. केलं होतं आणि त्या गावात माझ्या एम.ए.चा कुणाला काडीचाही उपयोग नव्हता. अशात मराठी मंडळाच्या ईमेलवर एक विचारणा आली. जवळच्या एका विद्यापीठातल्या जर्मन संशोधक बाईंना मराठी ध्वनिमुद्रणं ऐकून लिहून काढणारं कुणीतरी हवं होतं. मी त्याच दिवशी उत्तर पाठवलं.

ती माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. उंच, हाडकुळी, उन्हात रापलेल्या नाकाची. महाराष्ट्रातले मेंढपाळ धनगर त्यांच्या फिरतीच्या आयुष्यात जी बोली बोलतात, तिचा ती कोश करत होती. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परत वर यायचे, अशा एका कुटुंबाबरोबर तिनं दोन हिवाळे काढले होते. फिरणारी घरं कमी होत चालली होती, पोरं शाळेत जाऊन वेगळं बोलायला लागली होती, आणि मेंढरांबरोबरच वापरात असलेले शेकडो शब्द मेंढरांबरोबरच चालले होते. हे तिनं मला पहिल्या भेटीत अगदी शांतपणे सांगितलं. मी मान डोलावली. माझी आई त्याच लोकांतली आहे, हे मात्र सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते तेव्हा मला नीट कळलंही नव्हतं. न सांगण्याची सवय होती, एवढंच.

घरी बसून हेडफोन लावून मी लिहायला लागले. पहिल्याच ध्वनिमुद्रणात एक म्हातारा म्हणत होता, ‘सांजचं वाघर लावायचं.’ मी पानाच्या कडेला टीप लिहिली, ‘वाघर: वाघाला पकडायचा सापळा असावा.’ पुढं तो म्हणाला, ‘मग वाडा उचालला.’ मी लिहिलं, ‘घर पाडलं?’

पुढच्या आठवड्यात तिनं माझी पानं समोर ठेवली. वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायला चहूबाजूंनी लावतात ते जाळं, तिनं समजावलं. आणि वाडा म्हणजे मेंढरं, घोडी, कुत्री, भांडीकुंडी, माणसं असा सगळा तळ. तो उचलायचा म्हणजे पुढच्या मुक्कामाला निघायचं. एवढं सांगून ती हसली, तेही मला बरं वाटावं म्हणून. “तुम्ही पुण्याच्या ना, मग कसं माहीत असणार,” ती म्हणाली.

ट्राममधून घरी येताना माझे कान गरम झाले होते. एका जर्मन बाईनं मला मराठी शिकवावं, आणि तीही माझ्या आजोळची.

माझ्या आईचा जन्म वाड्यावरचा. सोळाव्या वर्षापर्यंत ती मेंढरांमागं चालली. वडील त्याच समाजातले, पण वसतिगृहात राहून शिकलेले, शिक्षक झालेले. लग्नानंतर त्यांनी आईला पुण्याला आणलं आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे तिची भाषा दुरुस्त केली. वडिलांच्या हातून जे सुटलं, ते मी उचललं. चौथी-पाचवीत असल्यापासून मी आईला टोकायचे. ‘न्हाय नाही, आई, नाही.’ ‘हुतं नाही, होतं.’ मैत्रिणी घरी आल्या की आई स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही, आणि मला त्याचं बरं वाटायचं. हळूहळू ती कमी बोलायला लागली आणि जे बोलायची ते शुद्ध बोलायला लागली. माझी समजूत अशी होती की ती स्वभावानंच अबोल आहे.

त्या उन्हाळ्यात मला दिवस भरत आले होते. बाळंतपणासाठी आई तीन महिन्यांच्या व्हिसावर आली. जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक चालू होता, बाल्कन्यांमधून झेंडे लटकत होते आणि आई त्याकडं बघून विचारायची की आज इथं कसला सण आहे. मुलगी झाली. घरी हेबामे, म्हणजे बाळंतिणीला आणि बाळाला बघायला येणारी सुईण, रोज यायची. आई तिच्या कामाकडं बारकाईनं बघत गप्प बसायची.

बाळ दहा दिवसांचं झालं तेव्हा ती संशोधक बाई विणलेली टोपी घेऊन भेटायला आली. मी दाराशीच तिला सांगितलं की आई पुण्याहून आली आहे. पुण्याहून, एवढंच. आईनं ट्रेमधून चहा आणला. बाईंनी कप घेताना सहज आईच्या मनगटावरचं गोंदण पाहिलं आणि काहीतरी विचारलं. मला सगळे शब्द कळले नाहीत. एवढं कळलं की ती विचारतेय, हे कुणाच्या हातचं.

आईच्या हातातला ट्रे तिरका झाला. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. आणि उत्तर दिलं ते ज्या आवाजात दिलं, तो आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. जाडसर, मोकळा, लांबवर पोचणारा. बाईंनी ती ज्यांच्याबरोबर राहिली होती त्या कुटुंबाचं गाव सांगितलं. आईनं त्यांच्या घोडीची खूण विचारली, कुणाची सून कुठली ते विचारलं, आणि दहा मिनिटांत नातं जुळवून टाकलं. ते आईच्या चुलत भावाचं घर निघालं.

“माझ्या भावाच्या वाड्यावर राह्यलीस,” आई म्हणाली, “मंजी मी तुझी आत्या.”

“व्हय आत्या,” ती म्हणाली.

माझा नवरा आईला तुम्ही म्हणतो, अहो आई म्हणतो. ही परकी बाई तिला सरळ ‘तू’ म्हणत होती, आणि आईला ते गोड लागत होतं. बाळ रडायला लागलं तेव्हा मी त्याला घेऊन आत गेले. बाहेर दोघी हसत होत्या. दूध पाजताना माझ्या मनात बाळ नव्हतं. बाहेर काय बोलणं चाललंय त्याकडं कान होता, आणि अर्धं कळत नव्हतं.

जाताना तिनं दाराशी मला हलक्या आवाजात विचारलं की हे तुम्ही आधी का नाही सांगितलं. मी म्हटलं, विषय निघाला नाही. ‘आल्झो,’ म्हणजे ‘बरं तर’, एवढंच म्हणून ती निघाली.

त्यानंतर ती दर मंगळवारी येऊ लागली. छोटं यंत्र टेबलावर ठेवायची आणि विचारायची. पिल्लाला जवळ न घेणाऱ्या मेंढीला काय म्हणता, आणि तिला कसं फसवून पाजायला लावता. पहिल्यांदा कातरलेल्या लोकरीला काय म्हणता. मेंढरं पुढं बोलवायला तोंडानं कसला आवाज काढता, थांबवायला कसला. आई आमच्या दोन खोल्यांच्या घरात, आयकियाच्या सोफ्यावर बसून, जीभ टाळ्याला लावून मेंढरांना हाका मारायची. मंगळवारी सकाळी ती लवकर आंघोळ करायची. नेसायची चांगली साडी. मी सोमवारपासूनच चिडलेली असायचे.

उघड कारण काही नव्हतं. बाई बाळासाठी काहीतरी आणायची, जाताना कप धुवून ठेवायची, माझी झोप होते का विचारायची. तिच्यात खोट काढायला मला जागाच मिळत नव्हती आणि त्यामुळं माझा जळफळाट आणखी व्हायचा. मी नवऱ्याला म्हणायचे, तिला पुस्तक काढायचंय, त्यासाठी एवढा गोडवा. तो म्हणाला, “मग काय झालं? आई खूश आहेत ना.” मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही.

जुलैच्या मध्याला बाळाला तपासणीसाठी नेलं होतं. तो मंगळवार होता. नवराही सुट्टी काढून बरोबर आला, त्यामुळं घरी त्या दोघीच होत्या. त्या दिवशीचं ध्वनिमुद्रण दोन-तीन दिवसांनी लिहून काढायला माझ्याकडं आलं, नेहमीसारखंच. दुपारची वेळ होती. आई धुतलेले कपडे तळघरातल्या दोरीवर घालायला गेली होती. मी बाळाला मांडीवर घेऊन हेडफोन लावले.

बाईंनी विचारलं होतं, वाड्यावर बाई बाळंत कशी होते. आईनं सांगायला सुरुवात केली. मला वाटलं, ती दुसऱ्या कुणाचं सांगतेय. पहिलटकरीण, माहेरी आलेली. माहेर घाट उतरून कोकणात गेलेलं, म्हणून तीही माहेराच्या मागं घाट उतरलेली. पौषातली थंडी. भात निघालेल्या खाचरात मेंढरं बसवलेली, कारण शेतकऱ्याला लेंडीखत हवं होतं. पहाटे कळा सुरू झाल्या. घोड्याच्या पाठीवरचं सामान उतरवून आडोसा केला. तिच्या आईनं आणि एका म्हाताऱ्या चुलतीनं सोडवली. वाडा त्या दिवशी पुढं जायचा होता. बापानं दोन दिवस थांबवला, आणि शेतकऱ्यानं बाळंतिणीला म्हणून जुना तांदूळ दिला. तिसऱ्या दिवशी निघाले. नुकती जन्मलेली कोकरं घोड्यावर ठेवतात, तसं बाळालाही जेनात, म्हणजे लोकरीच्या जाड कांबळ्यात, गुंडाळून घोड्यावर ठेवलं. एका अंगाला दोन कोकरं, दुसऱ्या अंगाला बाळ. वजन सारखं व्हावं म्हणून.

“पोरगी का पोरगा?” बाईंचा आवाज.

“ही काय, हीच,” आई म्हणाली. “जिच्या घरात बसलोय आपण.”

मी ते तीन वेळा मागं नेऊन ऐकलं. मला आयुष्यभर सांगितलं होतं की माझा जन्म साताऱ्याच्या दवाखान्यात झाला. वडिलांनी सांगितलं होतं, आई शेजारी उभी राहून मान हलवत होती. मी कोकणातल्या एका खाचरात जन्मले, घोड्यावर बसून घाट चढले, आणि हे पहिल्यांदा ऐकणारी मी नव्हतेच. माझ्याआधी ते एका परक्या बाईनं ऐकलं होतं, माझ्याच सोफ्यावर बसून.

मी रडले नाही. मला इतका राग आला होता की बाळाला खाली ठेवावं लागलं. त्याच बैठकीत मी बाईंना ईमेल लिहिलं: आईची प्रकृती नाजूक आहे, बोलून तिला थकवा येतो, तिचीच इच्छा आहे की आता थांबावं. तिचं उत्तर संध्याकाळी आलं. फार वाईट वाटलं, आत्यांना त्रास दिला असेल तर क्षमा मागते, त्यांना माझा नमस्कार सांगा. नमस्कार मी सांगितला नाही.

मंगळवारी आई आंघोळ करून खिडकीशी बसली. अकरा वाजले, बारा वाजले. तिनं विचारलं, “ती आली नाही?” मी म्हटलं, तिला काम आहे. पुढच्या मंगळवारी तिनं साडी बदलली नाही, पण बसली खिडकीशीच. विचारलं काही नाही. त्या आठवड्यात ती पुन्हा माझ्या ओळखीची आई झाली. हळू, शुद्ध, दोन शब्दांत बोलणारी. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि त्याचं काय करावं ते मला कळत नव्हतं.

मग एका सकाळी मी बाळाजवळ झोपले असताना आई घरातून निघून गेली. जागी झाले तेव्हा साडेदहा वाजले होते. चपला नव्हत्या. स्वयंपाकघर आवरलेलं. तिला जर्मनचा एक शब्द येत नव्हता, घराचा पत्ता सांगता येत नव्हता, आणि घरची किल्लीही हुकावर तशीच होती. मी बाबागाडी घेऊन ट्रामच्या थांब्यापर्यंत गेले, सुपरमार्केटमध्ये पाहिलं, बागेत पाहिलं. नवऱ्याचा फोन मीटिंगमुळं बंद होता. पोलिसांना काय सांगायचं याची जर्मन वाक्यं मनात जुळवत असताना मी दुसराच नंबर लावला.

बाईंनी एकदाच विचारलं, किती वेळ झाला. मग म्हणाली, “आत्या मला विचारत होत्या, इथली मेंढरं कुठं असतात. मी त्यांना नकाशावर दाखवलं होतं. तिथंच थांबा, मी गाडी घेऊन येते.”

गावाबाहेर वाळूच्या टेकड्यांवर गवत फार वाढू नये म्हणून उन्हाळ्यात तिथं मेंढरं चारतात. आमच्या घरापासून चालत तासाभराचं अंतर. मी तिथं कधी गेले नव्हते.  गाडीत माझं ईमेल आमच्या मध्ये बसलं होतं, पण तिनं त्याचा उल्लेख केला नाही.

आई तिथंच होती. विजेच्या तारेचं जाळं लावलेलं, त्याच्या आत, पदर कमरेला खोचून, एका मेंढीला गुडघ्यात धरून बसलेली. शेजारी पासष्टीचा जर्मन धनगर टोपी मागं सरकवून उभा होता. मेंढी लंगडत होती आणि आई तिच्या खुरातून काहीतरी काढत होती. त्याच्या चाकूनं. तो आम्हाला म्हणाला की ही बाई तासाभरापूर्वी आली, काहीतरी बोलली, मेंढी दाखवली, आणि हात पुढं केला. त्याला वाटलं चाकू मागतेय, म्हणून दिला. ‘गेनाऊ,’ म्हणजे ‘अगदी बरोबर’, तो स्वतःशीच मान हलवत म्हणाला. ‘मलाही दोन दिवस तेच करायचं होतं,’ असंही तो म्हणाला.

आईनं मान वर केली. मी पुढं होते, बाळ माझ्याकडं होतं, पण तिची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली.

“आजारी हुतीस का गं?” तिनं विचारलं.

मी मागं पाहिलं नाही. बाईंनी एक शब्द सांगितला असता तर माझं खोटं तिथंच उघडं पडलं असतं. ती म्हणाली, “न्हाय आत्या. काम लई हुतं. चुकलं माझं.”

तिनं मला वाचवलं, आणि त्याबद्दल मला तिच्याविषयी कृतज्ञता वाटायला हवी होती. मला वाटला तो हेवाच. चांगुलपणाही तिच्याच वाट्याला आला होता.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ईमेल, दोन्ही मंगळवार, ऐकलेलं बाळंतपण. आई बाळाचे पाय चोळत ऐकत होती. ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. मी विचारलं, तिला सांगितलंस, मला का नाही कधी सांगितलंस?

“तू विचारलं नाहीस,” आई म्हणाली. “ती विचारते.” मग बाळाचा दुसरा पाय हातात घेऊन, “आणि तुला सांगायला घेतलं की मला भीती वाटते, कुठला शब्द चुकेल.”

मी म्हटलं, आता सांग. तिनं सांगितलं. सगळं सांगितलं, खाचर, थंडी, जुना तांदूळ, घोडा. पण सांगितलं ते शुद्ध मराठीत, शाळेत धडा म्हणून दाखवावा तसं. ‘मग आम्ही तुला घोड्यावर ठेवलं होतं.’ मी तिला मधेच थांबवून म्हटलं की तसं नको, तिला सांगितलंस तसं सांग. आईनं खरंच प्रयत्न केला. एक वाक्य तिच्या बोलीत सुरू केलं, माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि दुसरं वाक्य आपोआप पुण्याचं झालं. तिनं पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. शेवटी ती कसंनुसं हसली आणि म्हणाली, “तुझ्यासमोर जीभ वळत नाही गं. तिच्या मशीनमध्ये आहे ना, तिथंच ऐक.”

मंगळवार परत सुरू झाले. मी बाईंची माफी मागितली, तिनं माझा हात दाबला आणि विषय संपवला. बैठकीच्या वेळी मी बाळाला घेऊन फिरायला जायचे. मी खोलीत असले की आईचं बोलणं बदलतं, हे आता आम्हा तिघींनाही माहीत होतं. ट्रामच्या रुळांच्या कडेनं बाबागाडी ढकलत मी तास मोजायचे. ऑगस्टमध्ये आई परत गेली. विमानतळावर बाईही आली होती. आईनं तिच्या कानात काहीतरी सांगितलं. काय, ते मी अजूनही विचारलेलं नाही.

तिचा कोश तीन वर्षांनी छापून झाला. एक प्रत तिनं मला आणून दिली. धन्यवादाच्या पानावर लेखनिक म्हणून माझं नाव आहे. आईचं नाव तिच्याच सांगण्यावरून कुठं घातलेलं नाही, पण शब्दांपुढं जिथं जिथं उदाहरणाची वाक्यं आहेत, तिथली अर्धीअधिक तिची आहेत हे मी वाचता वाचता ओळखते. बाळंतपणाच्या शब्दाखाली माझा घोडा आहे. त्याच्याखाली जर्मन भाषांतर आहे, अचूक.

मुलगी तेव्हा तीन वर्षांची. तिला मराठी कळायचं, पण उत्तर द्यायची जर्मनमध्ये, आणि मलाही जर्मन पोरांसारखं ‘मामा’ म्हणायची, म्हणजे आई. रविवारी आईचा फोन आला की मी रिसीव्हर तिच्या कानाला लावायचे आणि पोळ्या लाटायला स्वयंपाकघरात जायचे. एकदा पिठाचा डबा घ्यायला बाहेर आले तर रिसीव्हर तिच्या हातात उलटा होता आणि पुण्याहून आईचा आवाज खोलीभर येत होता. जाडसर, मोकळा. आई नातीला विचारत होती, काय खाल्लंस, कवा उठलीस, आणि मधेच कोकरांना बोलवायचा तो आवाज काढत होती. मुलगी खिदळत होती. मग तिनं जीभ टाळ्याला लावून तोच आवाज परत काढला, आणि पलीकडून आई म्हणाली, “आसंच. आजून येकदा.”

मी दाराआडच थांबले. पुढं पाऊल टाकलं असतं तर मुलगी मोठ्यानं म्हणाली असती, मामा आली, आणि आईनं ते ऐकलं असतं.